द्रव्याची शांती आणि साधनेची शांती

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात, मोरणा नदीच्या काठी वसलेले शिराळा, जे बत्तीस शिराळा या नावानेही ओळखले जाते, ते मुख्यतः नागपंचमीसाठी प्रसिद्ध असले, तरी या गावाच्या श्रद्धाविश्वाला आणखीही पदर आहेत. येथे गोरक्षनाथांचे स्थान आहे, समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती येथे आहे, आणि नागपूजेचा उगमही लोककथा गोरक्षनाथांशीच जोडते. नाथ भिक्षेसाठी दारी आले असता मातीच्या नागाची पूजा करण्यात गुंतलेल्या गृहिणीला भिक्षा वाढण्यास उशीर झाला, आणि तेव्हा जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी तिला विचारले, अशी ती कथा आहे. या श्रद्धांच्या मुळाशी देहाविषयीचा एक गंभीर विचार आहे. नाथपंथाने देहाला मोक्षमार्गातील अडसर न मानता साधनेचे क्षेत्र मानले, मारुती हा वायुपुत्र असल्याने प्राणशक्तीचे दैवत ठरला, आणि ज्याच्या दंशाने प्राण जातो त्या नागाला पूज्य मानून या भूमीने निसर्गातील द्रव्यांशी भीतीपलीकडचे नाते जोडले.

देहाला इतके महत्त्व देणाऱ्या परंपरेपुढे एक प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. मनाची शांती, जिला शास्त्रकारांनी शम म्हटले आणि वेदान्ताने साधकाच्या षट्संपत्तीत पहिले स्थान दिले, ती जर एखाद्या द्रव्याच्या सेवनानेही काही अंशी प्राप्त होत असेल, तर त्या शांतीला आध्यात्मिक मोल आहे की नाही, आणि नसेल तर का नाही? हा प्रश्न जुना आहे, परंतु चहाच्या पानात आढळणाऱ्या थिअनीन नावाच्या अमिनो आम्लावरील संशोधनामुळे तो आज प्रत्येक घरातल्या कपबशीपर्यंत येऊन पोहोचला आहे. अमिनो आम्ले म्हणजे ज्यांच्या साखळ्यांपासून प्रथिने तयार होतात ते लहान रेणू. थिअनीन हे याच कुळातले असले, तरी ते प्रथिनांच्या बांधणीत भाग घेत नाही, तर पानात मोकळ्या अवस्थेत राहते. ते मनाला स्वस्थ करते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती शिथिल होण्यासही हातभार लावते, असे दिसून येऊ लागल्यावर पेय आणि साधना यांच्यामधली सीमारेषा नव्याने तपासणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात चहा हा यापूर्वीही धर्मविचाराचा विषय झाला होता, मात्र तेव्हाचा प्रश्न निराळा होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक हेही होते, आणि पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केल्यावर जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उद्भवले, ते शंकराचार्यांच्या वतीने नेमलेल्या आयोगापर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या वादात चहा पिणाऱ्याच्या देहात किंवा चित्तात काय घडते हे कोणी विचारले नाही, तो कोणाच्या हातचा होता एवढेच विचारले गेले. त्यानंतर अर्धशतकाने, १९४२ मध्ये, पुण्याच्याच आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी आरोग्यावर जे लेखन केले, त्यात चहाचा विचार द्रव्य म्हणून झाला, आणि कातडे कमावण्यास वापरले जाणारे टॅनिन चहात असल्याकडे बोट दाखवून त्यांनी चहा अनावश्यक ठरवला. स्पर्शापासून द्रव्यापर्यंत आलेला हा विचार आता द्रव्यापासून चित्तापर्यंत नेला पाहिजे, कारण धर्माचा खरा विषय चित्त हाच आहे.

त्यासाठी प्रथम द्रव्याची नीट ओळख हवी. थिअनीन जपानी संशोधक याजिरो साकातो यांनी १९४९ मध्ये ग्योकुरो या उंची हिरव्या चहाच्या पानांतून वेगळे केले. चहाचे झुडूप हे आम्ल मुळांमध्ये तयार करते आणि तेथून ते कोवळ्या पानांकडे चढते. पानांवर ऊन पडले की त्याचा काही भाग कॅटेचिन या तुरट द्रव्यांच्या निर्मितीत खर्ची पडतो, आणि म्हणूनच तोडणीपूर्वी काही आठवडे मळ्यावर सावली धरून वाढवलेल्या ग्योकुरोसारख्या चहात थिअनीन अधिक उरते व त्याची चव तुरटपणाकडून गोडसर रुचीकडे झुकते. थिअनीनची रचना मेंदूतील ग्लुटामेट या उद्दीपक संदेशवाहकाशी मिळतीजुळती आहे आणि रक्तातून मेंदूत शिरण्याची वाटही त्याला मोकळी आहे. ते घेतल्यानंतर मेंदूतील अल्फा लहरी, म्हणजे जागृत परंतु स्वस्थ अवस्थेत दिसणाऱ्या विद्युत्‌लहरी, वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे, आणि जपानमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, ताण निर्माण करणारी तोंडी गणिते सोडवण्यापूर्वी २०० मिलिग्रॅम थिअनीन घेतलेल्या व्यक्तींच्या हृदयाचे ठोके तुलनेने कमी वाढले. गवती चहा मात्र वेगळ्या कुळातले गवत आहे. घराघरांतून तो आले घालून उकळला जात असला, तरी त्यात थिअनीन मिळत नाही, ते मूळ चहाच्या पानातच असते.

रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध समजण्यासाठी वाहिनीच्या भिंतीत डोकवावे लागते. धमनी ही रबराची निर्जीव नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूस, वाहत्या रक्ताला चिकटून, पेशींचा केवळ एकेरी थर असतो आणि त्याला एंडोथेलियम किंवा अंतःस्तर म्हणतात. त्याभोवती मृदू स्नायूंची वेटोळी असतात आणि ती आवळली की वाहिनी अरुंद होते, सैल पडली की रुंदावते. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की हा एकेरी थर खरवडून काढला तर वाहिनी सैल पडण्याची आज्ञाच मिळेनाशी होते, म्हणजे आज्ञा देणारा हाच थर आहे. ती आज्ञा नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या रूपाने जाते. अंतःस्तरातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा वायू तयार करतो, तो काही क्षणच टिकतो, पण तेवढ्या अवधीत भिंतीतून झिरपून स्नायूपेशींत शिरतो आणि त्यांना सैल करतो. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरीद मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही आज्ञा देण्याची क्षमता क्षीण होणे हे उच्च रक्तदाब आणि धमनीकाठिण्य यांच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानले जाते.

चेन्नई येथील अण्णा विद्यापीठाच्या ए. यू.-के. बी. सी. संशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या अंतःस्तराच्या पेशींना थिअनीन दिले असता नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढल्याचे आणि हे त्याच विकराला चालना मिळून घडल्याचे दाखवले गेले. त्यापूर्वी १९९५ मध्ये जपानमध्ये, आनुवंशिकतेने उच्च रक्तदाब जडणाऱ्या उंदरांना मोठ्या मात्रेत थिअनीन दिल्यावर त्यांचा रक्तदाब उतरल्याचे आढळले होते. या निष्कर्षांचे वजन त्यांच्या मर्यादेसह जोखले पाहिजे, कारण पेशींवरचा आणि उंदरांवरचा परिणाम म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे, आणि मानवी प्रयोगांत २०० मिलिग्रॅमसारखी जी मात्रा वापरली जाते, तिच्या तुलनेत चहाच्या एका पेल्यातले थिअनीन बहुधा २५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. शिवाय पेल्यात थिअनीन एकटे नसते. बोस्टन येथे २००१ मध्ये हृदयरुग्णांवर केलेल्या अभ्यासात काळ्या चहाने अंतःस्तराचे कार्य सुधारल्याचे दिसले, परंतु त्याचे श्रेय प्रामुख्याने चहातील तुरट फ्लॅव्होनॉइड द्रव्यांना दिले गेले, आणि बर्लिन येथे २००७ मध्ये सोळा स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात चहात दूध मिसळल्यावर हा लाभ नाहीसा झाला. शिराळ्याकडे दूध घालून उकळलेला चहाच नित्याचा असल्याने ही बाब तेथील वाचकाला जवळची आहे. याच पेल्यात कॅफीनही असते, आणि ते मनाला जागे करत असतानाच रक्तदाब थोडा वाढवते. म्हणजे आवळणारे आणि सैल करणारे अशी दोन विरुद्ध स्वभावांची द्रव्ये एकाच पानात नांदतात. चीनमधून चहाचे बी जपानला नेणाऱ्या एइसाई या झेन भिक्षूने १२११ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात चहाची कडू चव हृदयाला बळ देते असे प्रतिपादन केले होते, आणि ध्यानाला बसणाऱ्या भिक्षूंना जागे पण स्वस्थ राहण्यासाठी हेच पेय उपयोगी पडले, हे पाहता या पानाचा धर्मजीवनाशी असलेला संबंध योगायोगाचा म्हणता येत नाही.

द्रव्याने मन घडते हे मानण्यात भारतीय तत्त्वज्ञानाला कधीच संकोच वाटला नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, मन अन्नमय आहे असे सांगतो आणि केवळ सांगून थांबत नाही. तो त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो, आणि मग वेद म्हणून दाखवण्यास सांगतो, तेव्हा श्वेतकेतूला काहीच आठवत नाही, पण अन्न घेतल्यावर सारे पुन्हा स्फुरते. हा एका व्यक्तीवर केलेला प्रयोगच आहे, आणि त्याचा निष्कर्ष असा की स्मृतीसारखी सूक्ष्म वृत्तीही अन्नावर उभी आहे. त्याच उपनिषदात पुढे आहारशुद्धीने सत्त्वशुद्धी होते असे म्हटले आहे, आणि तेथे आद्य शंकराचार्यांनी आहाराचा अर्थ केवळ खाण्यापिण्यापुरता न घेता इंद्रियांनी आत घेतले जाणारे सर्व विषय असा घेतला, तर रामानुजांच्या परंपरेने प्रत्यक्ष अन्नावर भर दिला. या दोन अर्थांत विरोध मानण्याचे कारण नाही. पेल्यातले थिअनीन हा आहार आहे, आणि तो पेला हातात असताना कानावर पडणारी भांडणे व डोळ्यांपुढे सरकणाऱ्या बातम्या हाही आहारच आहे. पहिला वाहिनी सैल करत असताना दुसरा ती आवळू शकतो.

नाथपंथाने या विचाराला साधनेचे रूप दिले. या परंपरेतील हठप्रदीपिका हा स्वात्मारामाचा ग्रंथ, श्वास चंचल असेल तर चित्त चंचल राहते आणि श्वास स्थिरावला की चित्तही स्थिरावते, या अनुभवावर उभा आहे. त्यात सांगितलेल्या प्राणायामाच्या आठ प्रकारांत भ्रामरी आहे, आणि तिच्यात श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करायचा असतो. स्वीडनमधील वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की ओठ मिटून गुणगुणत श्वास सोडला असता नाकातून बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण साध्या उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे पंधरापट होते. हा वायू नाकाभोवतीच्या अस्थिविवरांत तयार होतो आणि गुंजारवाच्या कंपनांनी बाहेर येतो, त्यामुळे तो धमनीच्या अंतःस्तरातील निर्मितीशी एकरूप मानता येणार नाही, तसेच नाथयोगातील प्राण वाहणाऱ्या नाड्या म्हणजे शरीरशास्त्रातल्या रक्तवाहिन्या असे समीकरणही मांडता येणार नाही. तरीही एवढे निश्चित दिसते की पेयाचा मार्ग आणि साधनेचा मार्ग हे दोन्ही देहातूनच जातात, आणि देहाच्या पातळीवर दोघांना एकच भाषा बोलावी लागते. साधनेत रसायन आढळले म्हणून साधना खोटी पडत नाही, कारण देहाला साधन मानणाऱ्याने ती कोठून तरी देहातूनच घडणार हे आधीच स्वीकारलेले असते.

द्रव्याच्या बाजूने विचार करता शिराळ्याची नागपूजा येथे काही शिकवते. ब्राझीलमधील जराराका या फुरशाच्या जातकुळीतील सापाच्या विषाचा अभ्यास करताना रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे द्रव्य सापडले, आणि तेही १९४९ मध्येच, ज्या वर्षी चहातील थिअनीन हाती लागले. पुढे सर्जिओ फरेरा यांनी त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक शोधले आणि त्यांच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरचे औषध घडले. प्राण घेणारे विष आणि घरोघरी प्यायले जाणारे पान हे दोन्ही वाहिनीच्या त्याच भिंतीशी येऊन थांबले, तेव्हा चांगुलपणा किंवा वाईटपणा द्रव्याच्या अंगी कायमचा चिकटलेला नसतो, हे आयुर्वेदाचार्य चरकाचे मत पुन्हा अधोरेखित झाले. चरकसंहितेच्या मते जगात औषध नाही असे द्रव्यच नाही, आणि नीट योजिलेले विषही उत्तम औषध होते, तर चुकीने योजिलेले औषध विष ठरते. निर्णायक असते ती योजना, म्हणजे मात्रा, काळ आणि हेतू यांचे भान. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे शिराळ्यात जिवंत नाग पकडून पूजण्यावर निर्बंध आले, तेव्हा श्रद्धेला जी शिस्त स्वीकारावी लागली तीही योजनेचीच होती, कारण पूज्य वस्तूशी कसे वागावे हे ठरवणे हा श्रद्धेचाच भाग आहे.

मूळ प्रश्नाचे सर्वात थेट उत्तर पतंजलींच्या योगसूत्रांत सापडते. चौथ्या पादाच्या आरंभीच पतंजली सिद्धींची पाच कारणे देतात: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधीला या यादीत जागा देताना त्यांनी तिला हिणवले नाही, की तिचे फळ खोटे म्हटले नाही. मात्र पुढे, सहाव्या सूत्रात, ते एक भेद करतात. या निरनिराळ्या कारणांनी घडलेल्या चित्तांपैकी ध्यानातून घडलेले चित्तच आशयरहित असते असे ते सांगतात. आशय म्हणजे कर्म आणि वासना यांचा तो साठा, जो पुढच्या कृतीला बीज पुरवतो. मूळ संदर्भ योग्याच्या सामर्थ्यांचा असला, तरी येथे हाती लागणारा निकष सर्व प्रकारच्या शांतीला लागू पडण्याइतका व्यापक आहे. शांतीचे मोल ती कशामुळे आली यावरून ठरत नाही, ती मागे काय ठेवून जाते यावरून ठरते.

हा निकष चहाला लावला तर चित्र स्पष्ट होते. थिअनीनने दिलेली स्वस्थता खरी आहे, पण ती पेल्यातून येते, आणि पेल्यासोबत कॅफीन येते. रोज ठरल्या वेळी चहा घेणाऱ्याला एके दिवशी तो मिळाला नाही तर डोके दुखते, चिडचिड होते, आणि ज्याला सारे तलफ म्हणतात ती जागी होते. म्हणजे शांती देणारे पेय आपल्या मागे अशांतीचे एक बीज पेरून गेलेले असते. ध्यानाने, प्राणायामाने किंवा नामस्मरणाने आलेल्या शांतीची खूण याच्या उलट असते. ती खरी असेल तर बाह्य साधनाची गरज उत्तरोत्तर कमी करते, आणि साधकाला ठरावीक जागा, ठरावीक वेळ, ठरावीक वस्तू यांच्या बंधनातून हळूहळू सोडवते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की साधनेचेही व्यसन लागू शकते, आणि पूजा चुकली म्हणून दिवसभर घरातल्यांवर खेकसणारी माणसे आढळतात. हा आक्षेप बरोबरच आहे आणि तो निकषाला दुबळे न करता बळकट करतो, कारण त्या पूजेने आशय मागे ठेवला एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि तशी पूजा चहाच्याच पंक्तीला बसते. दुसरा आक्षेप असा की सारे मन रसायनाचाच खेळ असेल तर साधक नावाचा कोणी उरतच नाही. परंतु अंतःस्तराच्या पेशीला नायट्रिक ऑक्साइड सोडण्यास काय प्रवृत्त करते हे सांगता आले, म्हणून सैल झालेल्या देहाने पुढे काय करावे हे सांगता येत नाही. रक्तदाब उतरलेला मनुष्य शेजाऱ्याशी समेट करू शकतो, तसाच शांत डोक्याने त्याची फसवणूकही करू शकतो. वाहिनी रुंदावणे ही कर्माची अनुकूल भूमी झाली, कर्म नव्हे. शम षट्संपत्तीत एकटा येत नाही, त्याच्यासोबत दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान येतात, ते याचसाठी की शांतीला दिशा हवी असते.

या विचारातून आचरणासाठी काही गोष्टी निश्चित होतात. देहाची सोय करणारे द्रव्य, मग तो मर्यादेतला चहा असो की वैद्याने दिलेली रक्तदाबाची गोळी, धर्माच्या नावाने नाकारणे हा देहाला साधन मानणाऱ्या नाथविचाराशीच द्रोह आहे, आणि देवाचे नाव घेऊन औषध बंद करण्यास सांगणारा मनुष्य कोणत्याही परंपरेचा प्रतिनिधी ठरत नाही. उलट बाजूने, पेल्यातल्या अमिनो आम्लाचे गुण सांगून साधनेची गरज संपली असे म्हणणे हीही तितकीच मोठी चूक आहे, कारण द्रव्य माणसाला काही घटका स्वस्थ करते, पण अस्वस्थतेची कारणे ओळखून ती दूर करण्याचे काम त्याचे नाही आणि ते त्याच्याकडून होणारही नाही. ज्या शांतीमुळे मनुष्याच्या गरजा कमी होतात आणि त्याच्या आसपासच्यांना त्याचा आधार वाटू लागतो, ती शांती कोणत्याही वाटेने आलेली असो, धर्माने आपली मानावी. आणि जी शांती पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागते, तिला उपकारक सोबती म्हणून जरूर स्वीकारावे, पण साध्य म्हणून कदापि नव्हे.